कूलरपुढची जागा

किशोरच्या घरात कूलरपुढची जागा कॉम्प्युटरची होती. ती त्याला कुणी लिहून दिली नव्हती. पण होळी झाली, गच्चीवरचा कूलर उतरून खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढला, की त्याच्या थेट झोतात टेबल सरकवलं जायचं. टेबलावर सीपीयूचा काळा डबा बसायचा आणि त्या डब्याचं डाव्या अंगाचं झाकण काढून पलंगाखाली ढकललं जायचं. मृग लागेपर्यंत ते तिथंच. माणसांनी उरलेल्या हवेत बसायचं. प्रियदर्शनी लग्न होऊन आली तो वैशाख होता, आणि पहिल्याच दुपारी तिला उमगलं की या घरात आपल्याआधी कुणीतरी नांदायला आलेलं आहे.

किशोरनं तो २०१६ साली जोडला होता. बियाण्यांच्या कंपनीत लागल्यावर पहिले सहा पगार त्यात गेले. जोडला गेम खेळायला, आणि दोस्त दर रविवारी यायचे तेही तेवढ्यासाठीच. डब्यातले पंखे फिरले की लाल उजेड भिंतीवर फिरायचा. त्या काळी अमरावतीत असा डबा चौघांकडेच होता असं तो सांगे, आणि चौघांची नावंही घेई. पुण्या-मुंबईकडचे लोक मशीन थंड ठेवायला महागडे पंखे, पाण्याच्या नळ्या काय काय बसवतात, ते तो व्हिडिओत पाहायचा आणि हसायचा. "येड्याहो, कूलर लावा," म्हणायचा.

घर वलगाव रोडवरच्या, प्लॉट पाडून वसवलेल्या एका ले-आउटमध्ये होतं. प्यायचं पाणी एक दिवसाआड यायचं आणि ते जपून भरलं जायचं. बाकी सगळं बोअरवर. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि नळाच्या तोटीवर महिन्याभरात पांढरी खपली धरायची. ते पाणी कपड्यांना, फरशीला आणि कूलरला.

प्रियदर्शनी सिव्हिल इंजिनिअर होती. लग्नाआधी आणि नंतरही मिळून तीन वर्षं तिनं एका बिल्डरकडे घरांची चित्रं काढली होती. मग आचल झाली. आचल आता साडेचार वर्षांची होती, आणि या साडेचार वर्षांत प्रियदर्शनीनं घरातल्या खालच्या सगळ्या प्लगांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, फिनाइलची बाटली माळ्यावर नेली होती आणि एका वहीत पोरीचा प्रत्येक ताप तारीख, वेळ आणि आकड्यासकट लिहून ठेवला होता. काळजी करायला तिला वेगळा वेळ काढावा लागत नसे. किशोर त्या वहीला पंचांग म्हणे.

एप्रिलच्या शेवटी नागपूरच्या एका आर्किटेक्टचा, सीमा मॅडमचा, फोन आला. जुन्या मैत्रिणीनं नाव सुचवलं होतं. मॅडमना हवं होतं ते एका अजून न बांधलेल्या बंगल्याचं चित्रण: फाटकातून आत शिरायचं, व्हरांडा, बैठक, जिना चढून गच्ची, जणू माणूस घरभर हिंडतोय असा दीड मिनिटाचा व्हिडिओ. जमलं तर महिन्याला दोन बंगल्यांचं काम, घरबसल्या. मॅडम गोड बोलत होत्या, पण शेवटी त्यांनी विचारलंच. चार-साडेचार वर्षं घरी होतात म्हणता, हात अजून बसलेला आहे का? आणखी तिघींना हेच काम दिलंय, सोमवारी सकाळी दहापर्यंत ज्यांचं येईल त्यांचं पाहीन. तारीखही सांगितली. मध्ये तीन आठवडे होते.

हात बसलेला होता. पोरगी दुपारी झोपली की प्रियदर्शनी टेबलाशी बसायची, आणि अडीच आठवड्यांत बंगला उभा राहिला. अडलं ते शेवटच्या पायरीवर. काढलेल्या घराचा व्हिडिओ करायचा तर मशीनला सलग दहा-अकरा तास घाम गाळावा लागतो. त्याला रेंडर म्हणतात. हा डबा वीसेक मिनिटं घरघरायचा, पंखे किंचाळायचे आणि मग एकदम सगळं काळं. पुन्हा लावलं की पुन्हा तेच. तिनं तापाच्या वहीत मागच्या पानावर मिनिटं लिहिली: बावीस, एकोणीस, चोवीस, चौदा.

किशोरनं वही न पाहताच निदान केलं. म्हातारं झालं मशीन, ग्राफिक्स कार्ड बदलावं लागते. चित्रांचं सगळं ओझं त्या कार्डावर असतं हे खरंच होतं. नव्या कार्डाची किंमत आवाक्याबाहेरची होती. प्रियदर्शनीपाशी भिशीचे उचललेले पंधरा हजार होते, त्यापलीकडे या महिन्यात काही नव्हतं. तेव्हा किशोरला बंडू आठवला. बंडू त्याचा कॉलेजचा दोस्त, अकोल्याचा. जठारपेठेत त्यानं गेमिंग पार्लर काढलं होतं, दहा मशीनचं. पोरं मोबाइलवर खेळायला लागली तसं ते बसलं. आता त्याची रसवंती होती, पण चांगली कार्डं त्यानं ठेवून घेतली होती. फोनवर दोन मिनिटांत अकरा हजारांत सौदा ठरला. किशोरनं शब्द दिला आणि मग बायकोला सांगितलं.

तिचं माहेर अकोल्याचंच. आचलला सुट्टीत आजीकडे सोडायचंच होतं. तिनं एकच हट्ट धरला: कार्ड आपल्याच मशीनमध्ये लावून, चालवून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. म्हणजे सीपीयू अकोल्याला न्यायचा.

"बंड्यावर भरोसा नाई का?" किशोर म्हणाला.

बंडूभाऊंवर आहे, कार्डावर नाही, असं ती म्हणाली. किशोरला ते पटलं नाही, पण गोधडी त्यानंच शोधून दिली.

गुरुवारी सकाळी गोधडीत गुंडाळलेला डबा, आचल आणि प्रियदर्शनी अशी तिघं एसटीत चढली. डबा खिडकीशी, आचल मांडीवर. कंडक्टरनं गाठोड्यावर टिचकी मारून पाहिली आणि याचं लगेज लागेल म्हणाला. कॉम्प्युटर आहे, आजारी आहे, अकोल्याला दाखवायला नेतेय, असं आचलनंच परस्पर सांगितलं. त्यावर कंडक्टर म्हणाला की आजारी असेल त मांडीवर घ्या, मांडीवरच्याचं तिकीट लागत नाही. आणि खरोखर लगेज न लावता पुढं गेला. मूर्तिजापूरपर्यंत डबा प्रियदर्शनीच्या मांडीवर होता आणि आचल खिडकीशी.

बंडूनं भेटायची जागा सुचवली होती अब्दुल गफ्फार यांच्या दुकानाची. गफ्फारचाचा चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत होते. आता काउंटरवर ते बसायचे आणि टेबलावर त्यांची मुलगी जेबा, जिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. शुक्रवारी अकराला, आचलला आजीपाशी ठेवून, प्रियदर्शनी पोचली. बंडूचा निरोप होता की रसवंतीवर गर्दी आहे, तासाभरात येतो.

जेबानं गोधडी सोडली. डबा आडवा केला, डोक्याला लावलेला दिवा पेटवला आणि आत वाकून पाहिलं. मग तिनं ब्रश घेतला, एका पंख्याच्या जाळीवरून फिरवला आणि ब्रशावर आलेलं कागदावर झटकलं. धुळीचा रंग काळपट असतो. हे पांढरं होतं.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "हे कूलरसमोर ठेवता का तुमी?"

प्रियदर्शनीनं हो म्हटलं.

"किती वर्षं?"

तिनं मनात उन्हाळे मोजले. सांगताना आकडा जरा खालीच आला.

काउंटरवरून गफ्फारचाचा उठून आले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागदावरची चिमूट बोटाच्या टोकावर घेतली आणि जिभेला लावली. बोअरवेलवाल्या गावांत असाच न्याय होतो. शेतातल्या मातीचा, विहिरीच्या पाण्याचा, सगळ्याचा. त्यांनी कागद प्रियदर्शनीपुढं धरला.

"लाव जिभेले, बेटा. कोनी सांगण्यापरीस आपन पाह्यलेलं बरं."

काहीही तोंडात घालू नकोस, हे वाक्य ती दिवसातून दहा वेळा आचलला म्हणत असे. तिनं बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. खारं होतं. कडू, तुरट आणि खारं, अगदी त्यांच्या बोअरच्या पाण्यासारखं.

जेबानं मग एक एक काढून दाखवलं. कूलर नुसती हवा फेकत नाही, हवेसंगं बारीक पाणी फेकतो, आणि पाणी उडून गेलं तरी मीठ उडत नाही. आठ उन्हाळ्यांचं मीठ कार्डाच्या पत्र्यांत चुन्यासारखं बसलं होतं, त्यामुळं गरमी बाहेर पडायला वाट उरली नव्हती. पंखा हातानं फिरवला तर करकरायचा. सगळ्यात वाईट म्हणजे पॉवर सप्लाय, घरातली वीज मशीनला वाटून देतो तो चौकोनी ठोकळा; त्याच्या तारांची टोकं हिरवी पडली होती. ओझं वाढलं की तोच मान टाकत होता. मेंदू, म्हणजे प्रोसेसर, आणि कार्ड अजून जिवंत आहेत, जेबा म्हणाली. ह्याच्यात नवं कार्ड घातलं असतं तर आधी हा ठोकळा गेला असता, आणि जाताना नव्या कार्डालाही घेऊन गेला असता.

"पहले के रेडिओ भी ऐसेच मरते थे," गफ्फारचाचा जागेवर परत जात म्हणाले. "कूलरजवळ ठेवत लोक. म्हणत, रेडिओले गरम होते."

प्रियदर्शनीला आधी वाटली ती सुटका, की मशीन म्हातारं झालेलं नाही. मग तिच्या डोळ्यांपुढं किशोर आला, दर होळीला टेबल सरकवणारा, झाकण पलंगाखाली ढकलणारा, येड्याहो म्हणणारा. हे त्याला कसं सांगायचं हा वेगळा प्रश्न होता आणि तो तिनं बाजूला ठेवला.

जेबानं काम सांगितलं: सगळं खोलून साफ करायचं, कार्डाला आणि मेंदूला गरमी ओढून घेणारी नवी पेस्ट लावायची, पॉवर सप्लाय नवाच घालायचा, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी आणि आणखी एक रॅम. सगळं मिळून नऊ हजारांच्या आत. कार्ड जुनंच. बंगल्याचं काम होईल का, या प्रश्नावर जेबानं हो म्हटलं नाही. साफ करते, तुमचीच फाईल लावून पाहू, म्हणाली.

दोन तास गेले. जेबा ब्रशनं, कसल्याशा स्पिरिटनं आणि हवेच्या पिचकारीनं मीठ काढत होती. प्रियदर्शनी स्टुलावर बसून पाहत होती. कोणता स्क्रू कुठल्या वाटीत ठेवला हे तिच्या ध्यानात राहत होतं, आणि एकदा जेबा चुकली तेव्हा तिनं हळूच वाटी पुढं केली. मग नवा पॉवर सप्लाय बसला आणि मशीन सुरू झालं. रेंडर लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात मशीनचा ताप दिसत होता: एकसष्ट, चौसष्ट, सदुसष्ट. वीस मिनिटं झाली. तीस. चाळीस झाली तेव्हा आकडा एकाहत्तरवर येऊन थांबला आणि तिथंच राहिला. तिनं वही काढून ते लिहिलं.

तेवढ्यात बंडू आला. एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घातलेला उसाचा रस, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड. उशिराबद्दल माफी, घरच्यांची विचारपूस आणि आचलसाठी आणलेल्या रसाची तारीफ त्यानं एका दमात उरकली.

"घ्या वयनी. दोस्तीखात्यात देऊन राहिलो. बाहेरच्याले पंधराच्या खाली हात लावू देत नाई."

कार्ड मोठं होतं, दोन पंख्यांचं, दिसायला रुबाबदार. जेबानं ते लावलं. ते चाललं. नुसतं चाललं नाही, जुन्या कार्डाला एका चित्राला जेवढा वेळ लागत होता त्याच्या निम्म्यात त्यानं ते काढलं. बंडूनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. अकरा तासांचं काम पाच-सहा तासांत. प्रियदर्शनीनं मनात सगळा हिशेब फिरवून पाहिला: नऊ आणि अकरा वीस होतात. पण एसएसडी आणि रॅम सोडून दिली, तर कार्ड आणि पॉवर सप्लाय कसंबसं बसत होतं.

तिनं जेबाला कार्ड परत काढायला सांगितलं. मग ते हातात घेऊन ती दाराच्या उजेडात गेली. वरून पुसलेलं होतं, चकचकीत होतं. तिनं पंख्यांच्या मधून, पत्र्यांच्या फटीत पाहिलं. कार्ड मशीनमध्ये रुततं त्या सोन्यासारख्या पिवळ्या दातांच्या कडेला हिरवट रेघ होती. तिनं करंगळीचं नख फटीत घातलं, बाहेर काढलं आणि जिभेला लावलं.

बंडू पाहतच राहिला. "वयनी, कार्ड हाय ते. कैरीची फोड नाई."

"बंडूभाऊ, पार्लरमध्ये कूलर होता का?"

दोन होते, मोठे, बंडू अभिमानानं म्हणाला. तळघर होतं ना. दहा मशीनची गरमी. पोरांले नसे लागत एवढी हवा मशीनले लागे.

कार्ड तिनं जेबाच्या हातात दिलं. जेबानं दिवा मारून आत पाहिलं, वडिलांकडं पाहिलं आणि बंडूच्या देखत काय बोलावं हे न सुचून स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिली. बंडू कुणाला फसवत नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं. तो एक चालणारी चांगली वस्तू दोस्ताला स्वस्तात देत होता, आणि ती डोळ्यांपुढं चालली होती. मग वहिनी काय शोधतेय हे त्याला कळेना. त्यानं किशोरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काहून, चालून नाई राहिलं का?" किशोरचा आवाज आला. मागं मोटरसायकलींचा गलबला होता.

"मस्त चालून राहिलं. पण वयनींनं चाटून पाह्यलं."

किशोर हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "प्रिया, घे ना मंग. मी शबूद देल्ला त्याले."

दुकानात सगळे ऐकत होते. एक वाक्य बोललं तर संपत होतं: तुमच्या कूलरनं आपलं मशीन खाल्लं आणि यांच्या कूलरनं यांचं. पण ते वाक्य इथं बोललं तर रविवारी अमरावतीत आणि सोमवारी अकोल्यात सगळ्या दोस्तांत फिरलं असतं. किशोरच्या कूलरची गोष्ट लोकांनी त्यालाच वर्षानुवर्षं ऐकवली असती. आणि दुसरं असं की जेबाचं खरं ठरेलच याची खात्री तिला तरी कुठं होती? चाळीस मिनिटं म्हणजे अकरा तास नव्हेत. चुकलं तर नवऱ्याचा शब्दही गेला, मॅडमचं कामही गेलं, आणि मग साडेचार वर्षांवर आणखी किती चढतील कोण जाणे.

"कार्ड नको," ती फोनकडं वाकून म्हणाली. "आपलंच साफ केलं, ते चालतंय. बाकीचं घरी आल्यावर सांगते."

"आता मले बंड्यापुढं खाली पाह्याले लावतं का?"

"रविवारी मला सलग अकरा तास चालणारं पाहिजे. हे कार्ड आज चाललंय. रविवारचं कुणी सांगत नाही."

बंडूनं फोन खिशात टाकला आणि कार्ड पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं, घड्या जिथं होत्या तिथंच पाडत. माणसानं माणसावर भरोसा ठेवावा एवढंच आपलं म्हणणं आहे, असं तो म्हणाला. रसाची पिशवी मात्र त्यानं परत नेली नाही.

शनिवारी संध्याकाळी ती एकटीच अमरावतीला पोचली. आचल आजीकडे राहिली. येतानाच्या कंडक्टरनं लगेज लावलं.

घरी आल्याबरोबर तिनं पलंगाखालून झाकण ओढून काढलं. त्याच्यावर बोटभर धूळ होती. ते पुसून तिनं डब्याला बसवलं, आणि स्क्रू आवळता आवळता किशोरला सगळं सांगितलं. मीठ, तारांची हिरवी टोकं, बंडूच्या कार्डाच्या फटी. उद्या दिवसभर कूलर बंद राहील म्हणाली. मशीन दुसरीकडं हलवता येत नव्हतं. वजन पेलणारा प्लग त्या खिडकीशीच होता आणि आतली खोली पत्र्याखालची होती.

"चौरेचाळीस हाय बाहेर," किशोर म्हणाला.

"माहीत आहे."

"आठ वर्षं तथीच होतं ते. काही झालं का?"

"झालं," ती म्हणाली.

तो जेवायला बसला. जेवताना त्यानं दोनदा कूलरकडं पाहिलं. कूलरला खिडकीच्या बाजूनं दोन बटणं होती, एक पंख्याचं, एक पाण्याच्या पंपाचं. ती दोन्ही तिनं बंद केली होती. त्या रात्री गरम होत होतं. दोघं गच्चीवर झोपली.

रविवारी सहाला तिनं रेंडर लावलं. मशीननं स्वतःच अंदाज सांगितला, अकरा तास दहा मिनिटं. सातला किशोर दर्यापूरकडच्या एका गावात कंपनीच्या सभेला गेला. जाताना त्यानं पडद्याकडं पाहिलं.

दहापर्यंत आकडा सत्तरच्या आतबाहेर होता. बाराला एकोणऐंशी. जेबानं सांगून ठेवलं होतं, पंच्याण्णवच्या पुढं जाऊ देऊ नका, पुढं मशीन आपला जीव वाचवायला आपणच बंद होते. अकोल्याच्या त्या दुकानात वरून एसी होता, हे प्रियदर्शनीला आता आठवत होतं. एकला चौऱ्याऐंशी. तिनं पडदे ओढले. दाराखालच्या फटीला चादर लावली. छतावरचा पंखा तव्यावरची हवा खाली आणत होता. दोनला अठ्ठ्याऐंशी. लाईट गेली तर सगळंच गेलं, म्हणून ती अधूनमधून पंख्याकडंही पाहत होती. घामानं वहीचं पान ओलं होत होतं. तिनं हाताखाली आचलचं रुमालाएवढं दुपटं घेतलं.

कूलरचा नुसता पंखा लावावा हे तिच्या मनात आलं होतं. पण कूलरच्या तिन्ही अंगांच्या गवताच्या ताट्या, ज्यांतून पाणी झिरपतं, त्या कालपासून वाळल्या होत्या. वाळलेल्या ताट्यांतलं मीठ पंख्याच्या पहिल्या झपाट्याला भुकटी होऊन थेट आत येणार, पाण्यासंगं यायचं ते तसंच कोरडं. आणि ताट्या बाहेरच्या अंगानं, स्टँडवर चढून काढाव्या लागतात. तिला ते जमणारं नव्हतं, आणि जमलं असतं तरी पडद्याकडं पाठ करायची तिची हिंमत नव्हती.

तीनला ब्याण्णव झालं. काम दोन तासांहून जास्त उरलं होतं.

किशोर सव्वातीनला आला. तोंडावर बांधलेला दुपट्टा सोडला तेव्हा डोळ्यांभोवतीचा भाग तेवढा लाल उरला होता. सवयीनं तो सरळ खिडकीशी गेला आणि त्याचा हात जाळीतून कूलरच्या बटणांवर गेला. प्रियदर्शनी उभी राहिली. हात बटणांवर होता आणि तिला वाटलं, आता पंप सुरू होणार, आणि तो थकून आलेला आहे, उन्हातून आलेला आहे, त्याला नाही कसं म्हणायचं.

"किती झालं?" त्यानं पडद्याकडं न पाहता विचारलं.

"त्र्याण्णव."

त्यानं हात काढून घेतला, दुपट्टा पुन्हा डोक्याला बांधला आणि बाहेर गेला. खिडकीतून तिला तो अर्धा दिसत होता. स्टँडच्या दांडीवर पाय देऊन तो चढला, मागची ताटी खिळ्यांतून सोडवून त्यानं ओढली तेव्हा गवतातून पांढऱ्या खपल्या त्याच्या हातांवर पडल्या. दर वर्षी होळीला तो हीच ताटी गच्चीवर काढून काठीनं झोडपायचा, मीठ उडायचं, तो शिंकायचा आणि ती पुन्हा लावायचा. आताही ती झटकायला त्यानं हात उचलला, आणि तसाच धरून ठेवला. मग दुसरी काढली, तिसरी काढली. तिन्ही भिंतीला टेकवून ठेवल्या. कूलरचा आता नुसता पत्र्याचा सांगाडा उरला होता, आणि त्या सांगाड्यातून तो आत पाहत होता. पंख्याच्या पात्यांतून सरळ टेबलावरच्या डब्याकडं. मध्ये काहीच नव्हतं.

तो खाली उतरला. ओल्या फडक्यानं कूलरचं तोंड पुसलं, मग कोरड्यानं. मग आत येऊन एकच बटण दाबलं.

हवा गरम होती, भट्टीच्या दारातून यावी तशी, पण जोराची होती आणि कोरडी होती. पाच मिनिटं दोघं पडद्याच्या कोपऱ्याकडं पाहत उभी होती. एक्क्याण्णव. एकोणनव्वद. सत्त्याऐंशीवर आकडा थांबला.

किशोर बाजूला सरकला आणि भिंतीला टेकून फरशीवर बसला, झोताच्या बाहेर. तिनं त्याला पाणी दिलं. थोड्या वेळानं त्यानं फोन काढला. ती पडद्याकडं पाहत होती, पण कान तिकडं होता.

"बंड्या, कार्ड विकलं का बे?" तो म्हणाला. "विकू नको कोनाले. अगोदर त्या जेबाकडून साफ करून घे. कूलरनं खाल्लं ते." पलीकडून बंडू काहीतरी लांबलचक बोलला. किशोरनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हाव. माह्यंही खाल्लं. आठ वर्षं मीच चारून राहिलो होतो."

पलीकडं बंडू हसत होता, फरशीपर्यंत ऐकू येत होतं. किशोरनं त्याला हसू दिलं.

रेंडर सहाला बारा मिनिटं असताना संपलं. प्रियदर्शनीनं तो दीड मिनिटाचा व्हिडिओ दोनदा पाहिला, नागपूरला पाठवला आणि वहीत वेळ लिहिली. सोमवारी साडेदहाला मॅडमचा मेसेज आला: जिन्यावर पडलेलं ऊन चांगलं जमलंय, खिडक्यांचं पुढच्या वेळी बोलू, दुसऱ्या बंगल्याची फाईल पाठवते आहे.

ताट्या आठवडाभर भिंतीलाच टेकून होत्या. शनिवारी किशोरनं टेबल झोताबाहेरच्या कोपऱ्यात सरकवलं, खिडकीशी असलेला प्लग तार लांबवून तिथं नेला, आणि मग त्या पुन्हा चढवल्या. आचल आजीकडून आली तेव्हा कूलरपुढची जागा मोकळी होती. तिनं सगळी खेळणी आणून तिथं मांडली. प्रियदर्शनीनं कोपऱ्यातल्या नव्या प्लगच्या मोकळ्या भोकांवर चिकटपट्टी लावली.